विश्लेषण : साहेबाने बढती नाकारली, मास्तरने कारखाना काढला! लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या हाताखाली ‘नापास’ माणसे कशी टिकली?

मार्च संपत आला की कंपन्यांमध्ये अप्रेझलची कुजबुज सुरू होते. कुणाला बढती, कुणाला नुसतीच शाबासकी, तर कुणाच्या हातात तीन महिन्यांची ‘कामगिरी सुधारा’ अशी नोटीस. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत, वणी परिसरातल्या कोळसा खाणींत किंवा इथून पुण्याजवळच्या चाकणला गेलेल्या पोरांच्या शिफ्टमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. काम तेच, माणूस तोच, पण आधीच्या साहेबाला तो हवा होता आणि नव्या साहेबाला नको आहे. असे खरेच होऊ शकते का? की काम न करणाऱ्याने शोधलेली ही पळवाट? लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे आयुष्य या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी गेले. मुंबईत ते साहेबामुळे नोकरी सोडून निघालेले मास्तर होते आणि पुढे कुंडलच्या माळरानावर शेकडो माणसांचे साहेब झाले.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा यंत्रांकडे कसा वळला?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शिकून चांगली नोकरी धरावी अशी घरची इच्छा, तर मुलाचे लक्ष चित्रांत आणि यंत्रांच्या खटपटीत. शाळेच्या मापाने हा विद्यार्थी सुमारच म्हणायचा. वडिलांच्या मनाविरुद्ध १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामूअण्णा खर्चासाठी पाठीशी उभे राहिले, म्हणूनच ते जमले.

दोन वर्षांनी वेगळेच संकट आले. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले. रंगांधळ्या चित्रकाराचे भवितव्य ते काय? त्यांनी रंगकाम सोडले, पण संस्था सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यासाठी रंगांची गरज नव्हती, हात आणि नजर मात्र लागत होती, आणि ती दोन्ही त्यांच्याकडे होती. त्या जोरावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाचित्रांचे सहायक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. आज माटुंग्यात असलेली व्हीजेटीआय ती हीच. वर्गातले काम आटोपले की हे मास्तर वर्कशॉपमध्ये जात. यंत्रे उघडून पाहणे, ती चालवणे, बिघडलेले जोडणे हे त्यांचे खरे शिक्षण. त्यांच्याकडे इंजिनीअरिंगची पदवी कधीच नव्हती.

याच काळात मुंबईत सायकल नावाची नवलाई दिसू लागली होती. लक्ष्मणरावांनी मुंबईतून सायकली घ्यायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा जोडधंदा दोघा भावांनी सुरू केला. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव १८८८ पासून चालत आले ते या दुकानापासून. रामूअण्णा नुसती सायकल विकून थांबत नसत, गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवत.

बढती हुकली तेव्हा नेमके काय झाले?

व्हीजेटीआयमध्ये लक्ष्मणरावांच्या वरची एक जागा रिकामी झाली. काम त्यांना येत होते, अनुभव होता, वर्कशॉपमध्ये हात चालत होता. जागा मिळाली ती मात्र एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. त्या काळात यात नवल नव्हते. सरकारी कचेरी असो, रेल्वे असो की शिक्षणसंस्था, वरच्या खुर्च्यांवर आधी युरोपियन, मग अँग्लो-इंडियन आणि उरल्या तर इतर, ही उतरंड सर्वांनी गृहीत धरलेली होती. कितीतरी हिंदी नोकरदारांनी हा अपमान गिळला आणि पेन्शनपर्यंत रेटून नेले. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

इथे जरा थांबायला हवे, कारण किर्लोस्करांची गोष्ट सांगताना हा प्रसंग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. बढती हुकली, स्वाभिमान दुखावला, उद्योग उभा राहिला, असा सरळ रस्ता दाखवला जातो. व्हीजेटीआयच्या बाजूने पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. हा मास्तर संस्थेच्या वर्कशॉपमध्ये, संस्थेच्याच यंत्रांवर तयार झाला होता. तो बाहेर पडला तो कामात कमी पडला म्हणून नव्हे. वरच्या खुर्चीवर बसलेल्यांनी माणूस पाहण्याआधी जात-वर्ण पाहिला म्हणून. साहेबाच्या अशा निर्णयाची नोंद कुठल्याही ताळेबंदात होत नाही. राजीनामा कर्मचाऱ्याचा असतो, त्यामुळे दप्तरी तोच ‘सोडून गेला’ असे लागते.

दोन वर्षे नांगर विकला गेला नाही, तरी धंदा कसा टिकला?

बेळगावात दोघा भावांनी लहानसा कारखाना काढला. आधी कडबा कापण्याची यंत्रे केली, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. शेतकऱ्यांनी त्याला हात लावला नाही. लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी समजूत पक्की होती. वाडवडिलांचा लाकडी नांगर सुताराकडून दुरुस्त होत असे, हे नवे धूड बिघडले तर कुणाकडे न्यायचे? पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

यवतमाळच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्याशी झगडणाऱ्याला लोखंडी नांगराचा फायदा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. लाकडी नांगर वरची माती उकरतो, ही तणे मात्र खोल मुळांची असतात. लोखंडी फाळ खाली उतरून ती उलथून टाकतो. पण हे कळायला शेतकऱ्याला शेजारच्या वावरातला एक हंगाम पाहावा लागतो, आणि लक्ष्मणरावांना तेवढी वाट पाहता आली. त्यांच्या डोक्यावर तिमाही टार्गेट विचारणारा कोणी नव्हता. हीच वस्तू त्यांनी कुणाच्या तरी नोकरीत राहून केली असती, तर पहिल्या वर्षाखेरीस बहुधा नांगरासकट तेही बाहेर असते.

नांगराचा जम बसू लागला तेवढ्यात बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. नव्या वसाहतीसाठी ती हवी होती. यंत्रे आणि माणसे घेऊन जायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला.

औंधच्या राजाने काय केले?

साताऱ्याकडच्या औंध या विखुरलेल्या लहानशा संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना आधीपासून ओळखत होते. औंधच्या सभामंडपाचे बांधकाम लक्ष्मणरावांनी केले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कारागिरांचा गुण ओळखणारे आणि सूर्यनमस्काराचे जबरदस्त पुरस्कर्ते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि कर्जाची सोयही करून दिली.

जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेले, साप-विंचवांचे माळरान. पाणी दुर्मीळ. बेळगावातून उठवलेला, भांडवल संपत आलेला, पदवी नसलेला हा माणूस तिथे काय उभे करणार, असे कुणी विचारले असते तर ते गैर नव्हते. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे पोहोचले. निवडुंग तोडला, झोपड्या बांधल्या, कारखाना सुरू केला. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. व्हीजेटीआयने जे पाहायचे नाकारले, ते एका संस्थानिकाने पाहिले. एवढ्याच फरकाने पुढचे सगळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण माळरान मिळालेच नसते तर नांगर बेळगावातच संपला असता, हे नाकारता येत नाही.

नापास, शाळा सोडलेले आणि शिक्षा भोगलेले कसे टिकले?

किर्लोस्करवाडीच्या पहिल्या फळीची नावे आज फारशी कुणाला आठवत नाहीत, आणि लक्ष्मणरावांच्या चरित्रातला सगळ्यांत वाचण्याजोगा भाग तोच आहे.

के. के. कुलकर्णी यांचे शाळा-कॉलेजातले प्रगतिपुस्तक अपयशाचेच. किर्लोस्करवाडीत ते व्यवस्थापक झाले, कायद्याची बाजू सांभाळू लागले आणि गावोगाव फिरून कारखान्याची बाजू मांडू लागले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. ते कल्पक इंजिनीअर म्हणून नावारूपाला आले. मंगेशराव रेगे कचेरी, हिशेब आणि कोठार असे सारे पाहत. शंभोराव जांभेकर यंत्रांचा भार वाहत आणि रामूअण्णा वसाहतीचा कारभार. पुतणे शंकरराव किर्लोस्कर तर मूळचे चित्रकार. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचे काय काम? त्यांच्याकडे जाहिरातीचे काम आले आणि १९२० मध्ये कारखान्याचे माहितीपत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतले एक मोठे मासिक झाले आणि १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ मासिकाची जोड मिळाली. महाराष्ट्रातल्या लहान-लहान गावांतल्या घरांत ही मासिके पोहोचली. शंकररावांना फाउंड्रीत हातोडा घेऊन उभे केले असते तर एक बेकार फाउंड्रीवाला मिळाला असता आणि मराठी वाचक दोन मासिकांना मुकला असता.

ही यादी वाचून लक्ष्मणराव दयाळू होते, एवढाच निष्कर्ष काढणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्यांनी केले ते अधिक रोकडे होते. माळरानावर शिकलेला इंजिनीअर येणार नव्हता आणि आला तरी त्याचा पगार परवडणार नव्हता. हाताशी जी माणसे होती, त्यांच्यातूनच कारखाना चालवायचा होता. तेव्हा प्रत्येकाला काय येत नाही याची यादी करून उपयोग नव्हता, काय येते ते शोधणे भाग होते. रंग न दिसणारा माणूस रेषा उत्तम काढू शकतो, हे लक्ष्मणरावांना स्वतःवरून ठाऊक होते.

यातली दोन नावे आणखी वेगळी आहेत. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. त्यांच्याकडे वसाहतीच्या राखणीचे काम देण्यात आले आणि ते विश्वासू पहारेकरी म्हणून ओळखले गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर देशभरातल्या अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. हा शिक्का किती चिवट असतो, कायदा जाऊन सत्तर वर्षे उलटली तरी तो कसा पुसला जात नाही, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांना कुणी सांगायला नको. अशा काळात कोठाराची आणि घरांची राखण या दोघांवर सोपवायची, तर साहेबाला स्वतःचे नाव पणाला लावावे लागते. एक चोरी झाली असती तर लोकांनी पहारेकऱ्यांआधी लक्ष्मणरावांना वेड्यात काढले असते.

वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडकही त्यांनी घातला. १९१० च्या दशकात, खेड्यात, जातवार वस्त्या असताना ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे १९३९ मध्ये याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्यामागे पोलंडचे इंजिनीअर मॉरिस फ्रिडमन आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा म्हणून हा प्रयोग ओळखला जातो. शिक्षा झालेल्या माणसावर काम आणि विश्वास टाकून पाहण्याची हिंमत त्या मुलखात किर्लोस्करवाडीने आधीच दाखवली होती.

आजचे संशोधन काय सांगते?

व्यवस्थापनशास्त्राने हा विषय बराच नंतर हाती घेतला. १९६८ मध्ये रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुले यंदा चमकणार आहेत, असे शिक्षकांना सांगितले गेले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. तरी त्यांतली काही, विशेषतः लहान वर्गांतली मुले, वर्षाअखेर पुढे गेलेली दिसली. या प्रयोगातल्या आकड्यांवर नंतर बरेच वाद झाले, परिणाम वाटला तितका मोठा नसावा असेही अनेकांनी दाखवले. पण वरच्याची अपेक्षा खालच्याच्या कामात उतरते, हा धागा कंपन्यांनी उचलला.

त्याची काळी बाजू १९९८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ज्याँ-फ्राँस्वा मान्झोनी आणि ज्याँ-लुई बार्सू यांनी मांडली. त्यांनी दाखवलेले चक्र नोकरदाराला लगेच ओळखू येईल. एखादी चूक होते, किंवा चूक नसतानाही साहेबाच्या मनात शंका येते. मग तो त्या माणसावर जास्त नजर ठेवतो, प्रत्येक कागद मागवतो, बारीकसारीक गोष्टी स्वतः ठरवतो. त्या माणसाला वाटते आपल्यावर भरवसा नाही. तो स्वतःहून काही सुचवणे बंद करतो, विचारल्याशिवाय बोलत नाही, जोखमीचे काम टाळतो. साहेबाला ते दिसते आणि आपली शंका खरीच होती अशी त्याची खात्री पटते. शेवटी निकाल लागतो तेव्हा सगळे पुरावे कर्मचाऱ्याच्या विरोधात असतात, आणि ते खोटेही नसतात. कामगिरी खरोखरच घसरलेली असते. या चक्राची सुरुवात कुणी केली, ते मात्र फाइलमध्ये सापडत नाही.

गॅलप या संस्थेने २०१५ च्या अहवालात म्हटले की, निरनिराळ्या गटांतल्या कर्मचाऱ्यांच्या कामातल्या उमेदीत जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के भाग त्यांच्या मॅनेजरशी जोडलेला असतो. हा आकडा गटाच्या उमेदीबद्दलचा आहे. एकेका माणसाच्या नोकरीचे सत्तर टक्के साहेबाच्या हाती, असा त्याचा अर्थ लावू नये.

या चक्रात किर्लोस्करवाडीतला माणूस सापडला नाही, याचे एक कारण साधे होते. लक्ष्मणराव स्वतः वर्कशॉपमध्ये असत. कोण काय करतो ते त्यांना कागदावरून कळून घ्यावे लागत नव्हते. आज मुलाखत घेणारा एक, काम देणारा दुसरा, मार्क देणारा तिसरा आणि नोटीस धाडणारा चौथाच असतो. कंत्राटदारामार्फत लागलेल्या कामगाराचा तर साहेब नेमका कोण, इथूनच गोंधळ.

या पद्धतीत खोट नव्हती का?

होती. कारखाना मालकाचा, जमीन मालकाची, राहते घर मालकाच्या वसाहतीत. अशा ठिकाणी साहेबाची मर्जी कामावरच थांबत नाही, ती चुलीपर्यंत येते. साहेब लक्ष्मणरावांसारखा असला तर ठीक. तसा नसला तर नोकरीबरोबर छप्परही जाते. कारखान्याभोवती वसवलेल्या वसाहतींची ही अडचण जगभर दिसली आहे आणि किर्लोस्करवाडीलाच ती लागू नव्हती असे मानायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. लक्ष्मणरावांनी माणसे नजरेने हेरली. व्हीजेटीआयमध्ये त्यांना डावलले गेले तेही कुणाच्या तरी नजरेनेच. एकाची नजर गुण पाहणारी आणि दुसऱ्याची कातडीचा रंग पाहणारी, हा फरक मोठाच आहे. पण पद्धत एकच, वरचा ठरवील ते. म्हणून पुढे कामगार संघटना आल्या, लेखी नियम आले, नोटिशीचे आणि चौकशीचे कायदे आले. पुष्कळदा मालकांना ते जाचक वाटतात. चांगला साहेब मिळेलच याची हमी नसलेल्या माणसाला मात्र तेवढाच आधार असतो. लक्ष्मणरावांच्या चाहत्यांनी ही बाजू वगळू नये असे वाटते, कारण मुंबईतल्या त्या मास्तरलाही दाद मागायला जागा नव्हती.

पुढे काय झाले?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. नांगरापाठोपाठ भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पंप निघू लागले. अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनीअर झालेले पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये परतले आणि कारखान्यात दाखल झाले. पदवी नसलेल्या बापाच्या आणि शाळा सोडलेल्या फळणीकरांच्या कारखान्यात आता परदेशी शिकलेला इंजिनीअर होता. चाळीसच्या दशकात पसारा हरिहर, बंगळूरु आणि पुण्यात खडकीपर्यंत गेला. यंत्र-हत्यारे, विजेच्या मोटारी आणि डिझेल इंजिने तयार होऊ लागली. विहिरीवर किर्लोस्करचे इंजिन बसवणे ही शेतकऱ्याच्या घरातली मोठी घटना ठरू लागली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुणे-मिरज मार्गावर ज्या स्टेशनाजवळ पंचवीसेक कुटुंबे निवडुंग तोडायला उतरली होती, त्याचे नाव तेव्हा कुंडल रोड होते. आता तिथल्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.